सहा आकडे, मग हं

मुग्धा आणि ओजस,

मागच्या आठवड्यात मुग्धाने फोनवर मला कुठल्याशा पार्सलचा नंबर लिहून घ्यायला सांगितला. चांगला लांबलचक नंबर होता. मी तो लिहून घेतला, फोन ठेवला आणि तशीच टेबलापाशी बसून राहिले. समोरच्या रस्त्याने धानाचे भारे लादलेले ट्रॅक्टर एकामागून एक जात होते. चहा निवून गेला तरी मला उठावंसं वाटेना. नंबर सांगण्याच्या जरा आधी मुग्धा सहज बोलून गेली होती की तिला तिचा बाबा आठवत नाही. फोटोतला आठवतो, खरा आठवत नाही. ओजस तर तेव्हा पाळण्यात होता.

तुमचा बाबा काय काम करायचा आणि कसा गेला, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत. आईने सांगितलं असेल तेवढं तुम्हाला ठाऊक आहे. ताप आला आणि गेला. ते खरंच आहे. पण तो ज्या मोसमात गेला तो मोसम दर वर्षी इथे, ब्रह्मपुरीला, माझ्या दारावरून जातो आणि मला तो सगळाच्या सगळा आठवतो. मुग्धा, त्या नंबराने माझं काय झालं तेही सांगायचं आहे. फोनवर मला ते नीट सांगता येणार नाही. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तरी जे खरं सांगायचं ते मला लिहूनच सांगता येतं.

दसरा झाला की आमच्याकडची हवा बदलते. सकाळी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाण्यावर पांढरी वाफ असते. पाणी उतरू लागलेलं असतं आणि काठाच्या चिखलात बगळे उभे असतात. हलका धान आधी पिवळा होतो, भारी धान मागून. धान उभा असतानाच खाचरांत, आमच्या बांध्यांमध्ये, लाखोळीच्या डाळीचं बी फेकून ठेवतात, त्यामुळे कापणी होईपर्यंत खाली हिरवं उगवलेलं दिसतं. कापलेल्या धानाला एक वास असतो. ओला, गोडसर, थोडा मातीचा. घराघरातून नवा तांदूळ शिजल्याचा वास येतो तो वेगळा, हा वेगळा. हा वास दारं-खिडक्या लावल्या तरी आत येतो. मी नागपूरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हा वास फार आवडला होता.

तुमच्या बाबाला, शेखरला, तो आवडायचा. तो इथलाच. त्याची बोलीसुद्धा इथलीच. घरात मी 'मला' म्हणायची आणि तो 'मले' म्हणायचा. मी टोकलं तर म्हणायचा, "तू नागपूरची पाहुणी आहेस आई, तुले काई दिवसांनी जमन."

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. शेखरचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटरचं छोटं दुकान होतं. त्या काळात गडचिरोलीच्या बाजूला आतल्या गावांमधून, शाळांना, पंचायतींना, दवाखान्यांना कॉम्प्युटर येऊन पडले होते. येऊन पडले होते असंच म्हणायला हवं, कारण खोक्यातून काढून कपड्याखाली झाकून ठेवले होते आणि कोणाला काही करता येत नव्हतं. पत्र लिहायचं, तक्ता करायचा, दाखला छापायचा, तर त्यासाठी जे ऑफिसचं पॅकेज लागतं ते यंत्रात घालावं लागे. तुम्ही आता बोट टेकवता आणि ते कुठूनसं येऊन बसतं. तिथे येण्याला वाटच नव्हती. इंटरनेट सोडाच, फोनसुद्धा नव्हता. ते पॅकेज शेखर स्वतः घेऊन जायचा, सीड्यांवर.

सीड्या न्यायला त्याने माझा पोळ्यांचा डबा पळवला होता. बरोबर त्या मापाचा होता. तळाला माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं, त्यावर सीडी, मग पुन्हा फडकं. धूळ नाही, पाणी नाही. एसटीत शेजारचा माणूस म्हणे, भाऊ, डबा उघडा, जेवणाची वेळ झाली. हा उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, घ्या, एकेक वाढतो.

पण सीडी घालून काम संपत नसे. पॅकेज बसलं की पडद्यावर एक खिडकी उघडायची आणि त्यात आकड्यांची एक लांब ओळ यायची, सहा-सहांचे गट पाडलेली. ही ओळ कंपनीला फोनवर सांगायची. मग कंपनी उलट दुसरी ओळ देणार आणि ती यंत्रात घातली की पॅकेज कायमचं चालू. नाही घातली तर काही वेळा उघडून ते आपोआप बंद पडायचं. आणि मधल्या वेळात ती खिडकी मिटायची नाही, असा शेखरचा दंडक होता. मिटली तर नवे आकडे येतील आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, याची त्याला धास्ती असे. म्हणजे यंत्र चालू ठेवायचं, लाइन गेली तर बॅटरीवर ठेवायचं, आणि आकडे कागदावर उतरवून फोन असलेल्या गावी यायचं.

फोन असलेलं गाव म्हणजे तालुक्याचं ठिकाण, आणि तिथे रशीदभाईंचा एसटीडी बूथ. काचेची खोली, आत लाल दिव्यांचं मीटर, बाहेर सायकलचे ट्यूब टांगलेले, कारण रशीदभाई पंक्चरही काढायचे. त्या बाजूने कंपनीचा नंबर काही केल्या लागत नसे. इथून आमच्या घरच्या फोनवरून लागायचा. म्हणून शेखर बूथवरून मला फोन करून आकडे सांगायचा, मी कंपनीला फोन करून ते सांगायची, तिकडची बाई उलट आकडे द्यायची आणि अर्ध्या तासाने शेखरचा पुन्हा फोन आला की मी ते त्याला द्यायची. पलीकडची बाई इंग्रजीत बोलायची, फार गोड आणि फार भरभर. मी तिला वर्गात विद्यार्थ्यांना सांगावं तसं सावकाश बोलायला सांगितलं की ती बिचारी बोलायची.

पहिल्या वेळी आमचा घोळ झाला. कुठेतरी एक पाच कमी पडला. शेखर 'डबल फाइव्ह' म्हणाला होता, आणि त्या खरखरीत 'डबल' विरून गेलं. सगळं पुन्हा करावं लागलं. तेव्हा त्याने नियम घातला. "आई, सहा झाले का मी थांबीन. तू हं म्हटल्याबिगर पुढं जाणार नाई. अन् डबल गिबल काई म्हणायचं नाई. दोनदा असन तं दोनदा म्हणायचं." आकडे इंग्रजीतच. शेवटी ज्याने लिहून घेतलं त्याने सगळं पहिल्यापासून वाचून दाखवायचं, तेही तसंच, सहा आणि हं, सहा आणि हं. मला नियम आवडतात. मी तो कधी मोडला नाही.

मुग्धा, तू तेव्हा चार वर्षांची होतीस. फोन वाजला की तू धावत येऊन माझ्या मांडीवर चढायचीस आणि रिसीव्हरला आपला कान लावायचीस. मी पेन्सिलीने लिहीत असायची आणि कधीकधी माझ्या आधी तूच हं म्हणायचीस. मग तिकडून शेखर म्हणायचा, "साहेब बोलल्या का? मंग जातो पुढं." तुला तो साहेब म्हणायचा. पुढेपुढे मी हं म्हणणं सोडूनच दिलं, ते काम तुझ्याकडे गेलं. तू फार गंभीरपणे करायचीस. सहा आकडे होईपर्यंत श्वास धरून ठेवायचीस.

रशीदभाई एकदा कामाने ब्रह्मपुरीला आले तेव्हा घरी आले. चहा घेताना म्हणाले, "बाई, लोकं मले विचारून राह्यले, हा मास्तरीणबाईचा पोरगा रोज कोनता मटका लावते म्हणून. नुसते आकडे बोलते फोनवर. मी म्हटलो, लावते तं लावते, पन बिचाऱ्याले लागत कधी नाई." तुमची आई इतकी हसली की तिला ठसका लागला. तिचं ते हसणं मला त्यानंतर पुन्हा ऐकायला मिळालं नाही. ती तुम्हाला घेऊन आधी पुण्याला आणि मग समुद्रापलीकडे गेली. तिने बरोबर केलं.

आता त्या वर्षीचं सांगते. धानोऱ्याच्या पलीकडे जंगलात एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण गावाचा दोष नव्हता. तिथल्या आश्रमशाळेत दसऱ्याआधी शेखरने पॅकेज बसवलं, आकडे फोनवर यायचे तेवढे राहिले होते, म्हणून यंत्र चालूच ठेवलं होतं. दसऱ्याच्या सुट्टीत गुरुजी आपापल्या घरी गेले. शाळेत राहिली स्वयंपाक करणारी सोमारीबाई. आपल्याकडे दसऱ्याला अवजारांची पूजा असते. विळे, कोयते, पावशी, शिवणयंत्र, सायकल, सगळ्यांना हळदकुंकू. सोमारीबाईने विचार केला की शाळेतलं सगळ्यांत मोठं अवजार तर हेच. तिने कपडा काढला, यंत्राला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. लावता लावता तिचं बोट एका बटनावर पडलं आणि यंत्रातून एक ताटली बाहेर आली. सीडी ठेवायची ताटली. तिच्यावर शेखरची सीडी चमकत होती. सोमारीबाईने तिला कुंकू लावलं, मूठभर नवे तांदूळ तिच्यावर ठेवले आणि हात जोडले. ताटली थोडी लोटल्यावर आपोआप आत गेली.

शेखर परत गेला तेव्हा यंत्रातून जातं फिरल्यासारखा आवाज येत होता. आत तांदळाचं पीठ झालं होतं. त्याने तिला विचारलं, काऊन केलं असं. तिने शांतपणे सांगितलं, "त्यानं आपल्या मनानं हात पुढं केला, भाऊ. मंग त्याले खाली हात कसं वापस पाठवाव?"

हे सांगताना तो इथे, या खोलीत, डोळे पुसून पुसून हसत होता. म्हणाला, आई, तिचं चुकलं कुठी ते मलेच सांगता आलं नाई. मी तिले म्हटलो, बरोबर केलं तुम्ही. मग तो दुसरं यंत्र खोलून त्यातली ताटली काढत बसला, ती त्या शाळेच्या यंत्रात बसवण्यासाठी. म्हणजे त्याला पुन्हा जावं लागणार होतं. मुलांचे दाखले छापायचे अडले होते आणि दिवाळी जवळ आली होती. मी म्हटलं, दिवाळीनंतर जा. तो म्हणाला, दिवाळीनंतर गावोगावी मंडईच्या जत्रा, जत्रेत नाटकं, मग कोण काम करतं, मी पण नाई करत.

मी हा प्रसंग किती वेळा मनात उलटून पाहिला असेल. ती मूठ. त्यात काही वाईट नव्हतं. नव्या धानाचे पहिले तांदूळ होते, तिने स्वतः कांडलेले. ज्याने हात पुढे केला त्याला दिले. इतकी चांगली गोष्ट एखाद्या माणसाला त्या मोसमात, त्या जंगलात, पुन्हा घेऊन जाते, आणि कुणाला रागवायला जागा उरत नाही. रागवायला कोणी असतं तर मला सोपं गेलं असतं.

तो गेला. नवी ताटली बसवली, पॅकेज पुन्हा घातलं, आकडे उतरवले आणि सकाळच्या गाडीने रशीदभाईंच्या बूथवर आला. फोनवर त्याचा आवाज जड होता. मी विचारलं तेव्हा म्हणाला, अंग कसकसतं आहे, गोळी घेतली आहे. आम्ही नेहमीसारखे आकडे घेतले. मी कंपनीला फोन केला. पुन्हा त्याचा फोन येईपर्यंत मी ठरवून ठेवलं होतं. मी म्हटलं, नंबर कागदावर लिही आणि कंडक्टरच्या हाती दे, शाळेतलं कोणीही टाकेल, तू तिथूनच घरी ये. तो म्हणाला, "गुरुजी मिटिंगले गेले, आई. बाकीचे माऊसले हात लावायले भेतात. अन् ती सोमारीबाई सकाळपासून यंत्रापाशी काठी घेऊन बसली आहे, कोनाले हात लावू देत नाई. तिले म्हटलो मी, दुपारी येतो म्हणून. मले काई नाई झालं. येवढं टाकतो अन् उद्याच्या पहिल्या गाडीनं येतो."

मग मी त्याला कंपनीचे आकडे दिले आणि त्याने नियमाप्रमाणे ते सगळे वाचून दाखवले. मध्ये एकदा तो खोकला आणि तो गट त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हटला. शेवटच्या गटाच्या वेळी रिसीव्हर पूर्ण तुझ्या हातात होता, मुग्धा. तू हं म्हणालीस. तो म्हणाला, "झालं. ठेवतो, साहेब."

घरातल्या माणसाशी तो बोलला ते हे शेवटचं.

दुपारी तो शाळेत पोचला. त्याने नंबर टाकला आणि पॅकेज चालू झालं. सोमारीबाईने मला हे नंतर सांगितलं. तिने काठी बाजूला ठेवली आणि त्याने तिला पडद्यावर तिचं नाव मराठीत लिहून दाखवलं. मग तो तिथेच ओट्यावर आडवा झाला. थोड्या वेळाने हाक मारली तर ओ देईना. मेंदूत चढणारा मलेरिया असा येतो, सकाळी हसता-बोलता माणूस संध्याकाळी हाती राहत नाही. गावात गाडी नव्हती, पण कापणीचे दिवस होते म्हणून बांधीत ट्रॅक्टर होता. त्यांनी भरलेली ट्रॉली बांधावर रिकामी केली, तळाला धानाचं वाळकं तणस पसरलं आणि त्यावर त्याला निजवलं. धान कोणाचा होता मला माहीत नाही. कापलेला धान मातीत उतरवायचा म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. त्यांनी क्षणभर विचार केला नाही, असं रशीदभाईंनी सांगितलं. ट्रॅक्टर त्यांच्या बूथवरून गडचिरोलीकडे गेला आणि त्यांनीच मला फोन केला.

मी आणि तुमची आई पहाटेच जीपने आरमोरीवरून गडचिरोलीच्या दवाखान्यात जायला निघालो. वैनगंगेवर सकाळचं ऊन पडलेलं होतं आणि पात्रात कोळ्यांचे डोंगे होते. मला वाटलं, इतकं स्वच्छ ऊन असताना काही वाईट कसं होईल. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. त्याने डोळे उघडले नाहीत. मी त्याच्या उशाशी बसून त्याच्या केसांतून तणसाच्या काड्या काढत होते. बारीक बारीक, पिवळ्या. एक काढली की दुसरी दिसायची. त्याच्या केसांना तो वास होता, तोच, ओल्या धानाचा. माझं काम संपायच्या आधी तो गेला.

आता तुम्हाला कळेल की या दिवसांत मी फोनवर थोडं का बोलते. तुम्ही म्हणता, आजी, बरं नाही का. मला बरं असतं. फक्त दारावरून ट्रॅक्टर जात असतात.

तेरवीनंतर एक दिवस सोमारीबाई आली. कधी एवढ्या लांब आली नव्हती, विचारत विचारत आली. पदराखाली तांदळाचं गाठोडं होतं. दाराशीच बसली, आत येईना. गाठोडं तिने माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाली, "बाई, माह्या तांदळानं झालं का हे?"

मी नाही म्हटलं. ते खरंच होतं. मलेरिया डासाने होतो, हे मी तिला सांगितलं, जसं कोणालाही सांगितलं असतं. तिने मान हलवली. तिला पटलं नाही हे मला दिसत होतं, आणि मला पटलं होतं तरी मी तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मी तिचा हात धरून तिला आत आणलं, जेवायला वाढलं. तिने पडद्यावर आपलं नाव पाहिल्याचं सांगितलं ते जेवताना. आपलं नाव इतकं लांब असतं हे तिला माहीत नव्हतं.

ती गेल्यावर ते गाठोडं स्वयंपाकघरात तसंच पडलं होतं. तुमची आई त्याच्याकडे बघेना. मी ते उचललं आणि घरच्या तांदळाच्या पिंपात ओतलं, हाताने खालीवर करून मिसळून टाकलं, ओळखू येऊ नयेत म्हणून. त्या दिवशी ते वेगळे ठेवले असते तर कायमचे वेगळे राहिले असते. मग आम्ही सगळ्यांनी ते खाल्ले. ओजस, तुझा पहिला वरणभात त्याच पिंपातला.

त्या शाळेतलं यंत्र केव्हाच भंगारात गेलं असेल. रशीदभाईंचा बूथ बंद झाला, त्यांचा नातू तिथे मोबाइलचं दुकान चालवतो. त्या गावाजवळ आता टॉवर आहे म्हणे, सगळ्यांच्या हातात फोन आहेत. पोळ्यांचा डबा माझ्याकडे आहे, पण त्याचं झाकण आता नीट बसत नाही. शेखरचा आवाज कुठेही भरून ठेवलेला नाही. त्या काळी कोणी ठेवत नसे. मला स्वतःलाही आता तो आवाज आठवायचा म्हटला तर शब्दांमधून आठवत नाही, आकड्यांमधून आठवतो.

आणि मग मागच्या आठवड्यात मुग्धाने मला पार्सलचा नंबर सांगितला. नंबर सलग होता, त्यात गट पाडलेले नव्हते. ती सहा आकडे म्हणाली आणि थांबली. मला वाटलं फोन तुटला. मग माझ्या तोंडून हं निघालं आणि ती पुढचे सहा म्हणाली. त्यात एक सात दोनदा होता. ती 'डबल' म्हणाली नाही, सेव्हन, सेव्हन म्हणाली. शेवटी म्हणाली, आता तू वाचून दाखव.

मी विचारलं, हे असं नंबर सांगायला तुला कोणी शिकवलं. तुला प्रश्नच कळला नाही, मुग्धा. तू म्हणालीस, असंच सांगतात ना आजी, सगळेच. मग म्हणालीस, ओजस पण असंच सांगतो.

सगळे असं सांगत नाहीत, बाळांनो. सहा आकडे म्हणायचे आणि पलीकडून हं येईपर्यंत थांबायचं, हे तुम्ही दोघं करता. एवढं उरलं आहे.